चयापचयातला चय

मेटाबॉलिझमला मराठीत चयापचय म्हणतात. शब्द पाठ्यपुस्तकी आहे; शाळेत परीक्षेपुरता भेटतो आणि मग विसरला जातो. पण उकलून पाहिला तर तो मूळ शब्दापेक्षा जास्त बोलतो. ग्रीक मुळाचा अर्थ नुसता ‘बदल’. आपला शब्द सांगतो की शरीरात दोन कामं एकाच वेळी चालू असतात. एक चय, म्हणजे रचणं, साठवणं. दुसरं अपचय, म्हणजे मोडणं, जाळणं. व्यायामशाळेच्या फलकापासून सकाळच्या व्हॉट्सॲप संदेशापर्यंत ‘मेटाबॉलिझम वाढवा’ असा जो हुकूम हल्ली सुटलेला असतो, त्यातून या शब्दाचा पहिला अर्धा भाग गळून गेलेला असतो. वाढवायचं म्हणजे जाळायचं, एवढंच उरतं. माझं म्हणणं असं की या सल्ल्यांतल्या निदान निम्म्या सवयी उत्तम आहेत, पण त्यांचं जे कारण सांगितलं जातं ते चुकीचं आहे. आणि कारण चुकलं की चांगली सवयसुद्धा टिकत नाही.

हे एकट्याने मांडलं तर फार सोपं जातं. समोर कुणी अडवणारं नसलं की आपलंच म्हणणं आपल्याला पटत जातं. म्हणून संवादापुरती दोन माणसं उभी केली आहेत. वहिनी महिला मंडळाच्या चिटणीस आहेत, वाचणाऱ्या आहेत आणि व्यवहाराला पक्क्या आहेत. त्यांचे धाकटे दीर महाविद्यालयात शरीरक्रियाशास्त्र शिकवतात. माणसं काल्पनिक आहेत, त्यांच्या तोंडचे आकडे मात्र प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधांतले आहेत. माझा कल दिराकडे आहे, हे लपवत नाही. तरी वहिनींना एकदा-दोनदा जिंकू द्यावं लागलं, कारण तिथे त्यांचंच खरं होतं.

वहिनी : भावोजी, यादी देऊन दोन दिवस झाले. पत्रिका छापायला टाकायची आहे. व्याख्यानाचं नाव ठरलंय, ‘चयापचय वाढवण्याचे दहा सोपे उपाय’. सकाळी लिंबू-मध घालून कोमट पाणी, न्याहारी चुकवायची नाही, दर दोन तासांनी थोडं थोडं खायचं, ग्रीन टी, स्वयंपाकात आलं-मिरं-तिखट, जेवणात प्रथिनं, जेवल्यावर शतपावली, घरच्या घरी वजनं उचलायची, सारखं बसून राहायचं नाही आणि रात्री पुरेशी झोप. यातल्या एकाही कलमाने कुणाचं वाईट होणार नाही. मग तुमच्या पेन्सिलीने एवढ्या ठिकाणी काट का मारलीत?

भावोजी : वाईट होणार नाही, हे मान्य. माझी अडचण ‘वाढवण्याचे’ या शब्दाशी आहे. दिवसभरात आपण जी ऊर्जा खर्च करतो, तिच्यातला ६० ते ७० टक्के भाग नुसतं जिवंत राहण्यात जातो. मेंदू, यकृत, हृदय, मूत्रपिंड यांचं चोवीस तासांचं काम चाललेलं असतं. १० टक्क्यांच्या आसपास अन्न पचवण्यात जातात आणि उरलेला भाग हालचालीत. पहिला भाग सर्वांत मोठा, आणि नेमका त्याच्यावर आपला हुकूम चालत नाही. यकृताला जरा जोरात चाल म्हणून सांगता येत नाही. आता तुमच्या पाण्याचाच हिशोब मांडू. अर्धा लिटर पाणी २२ अंशांवरून शरीराच्या ३७ अंशांपर्यंत तापवायला साडेसात उष्मांक लागतात. २००३ साली बर्लिनच्या संशोधकांनी अर्धा लिटर पाण्याने चयापचयाचा वेग ३० टक्क्यांनी वाढतो असं प्रसिद्ध केलं आणि ते जगभर गेलं; नंतर इतरांनी तपासलं तेव्हा ते टिकलं नाही. ती बातमी मात्र अजून फिरते आहे. तुम्ही तर पाणी कोमट पिता, म्हणजे ते साडेसातही हातचे गेले, आणि चमचाभर मधातून वीसेक उष्मांक आत आले. पाणी जरूर प्या, तहान लागते म्हणून प्या. ग्रीन टीतल्या कॅफिनने वेग काही तास तीन-चार टक्के वाढतो, तेवढं बिनसाखरेच्या साध्या चहानेही होतं. आलं-मिऱ्याबद्दल तर बोलायलाच नको.

वहिनी : बोला ना. आपल्याकडे जठराग्नी म्हणतात, मंदाग्नी म्हणतात. आलं घेतलं की अग्नी प्रदीप्त होतो, हे काय उगाच म्हणत आलेत लोक?

भावोजी : उगाच नाही. पण ते भुकेबद्दल आणि पचनाबद्दल बोलत होते. जेवणाआधी आल्याचा तुकडा मीठ लावून खाल्ला की भूक लागते, पोट हलकं वाटतं. ज्याला भूक लागत नाही त्याच्यावरचा तो उपाय आहे. आपण काय केलं, पोटातला अग्नी आणि पेशींमधलं ज्वलन एकच समजलो. जो उपाय माणसाने जास्त खावं म्हणून सांगितला होता, तो वजन उतरवण्याच्या यादीत आणून बसवला. यात आयुर्वेदाचा दोष नाही, आपल्या भाषांतराचा आहे.

वहिनी : बरं, ते सोडा. चाळिशी उलटली की चयापचय मंदावतो, हे तर तुम्ही नाकारणार नाही? मंडळातल्या निम्म्या बायकांची तक्रार तीच आहे. खाणं तेच, काम तेच, आणि पोट मात्र सुटत चाललंय.

भावोजी : नाकारतो. २०२१च्या ऑगस्टमध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात हर्मन पाँट्झर आणि त्यांच्या अनेक सहकाऱ्यांचा अभ्यास आला. २९ देशांतली ६,४०० हून जास्त माणसं, आठ दिवसांच्या बाळापासून ९५ वर्षांच्या म्हाताऱ्यापर्यंत. माणसाला विशिष्ट समस्थानिकं असलेलं पाणी प्यायला देतात, मग तो त्याच्या घरी, त्याच्या कामावर रोजच्यासारखा वावरतो, आणि लघवीच्या नमुन्यांवरून त्याने खरोखर किती ऊर्जा खर्च केली ते कळतं. प्रयोगशाळेत कोंडून ठेवावं लागत नाही. शरीराचा आकार आणि चरबी वगळता उरणारं वजन हिशोबात धरल्यावर असं दिसलं की वर्षाच्या बाळाचा वेग प्रौढांच्या दीडपट असतो, मग विशीपर्यंत तो हळूहळू उतरतो, आणि वीस ते साठ या चाळीस वर्षांत रेघ सपाट राहते. साठीनंतर वर्षाला ०.७ टक्के उतार लागतो. चाळिशीच्या किंवा पन्नाशीच्या वळणावर त्या आलेखात काहीही घडत नाही. बायकांच्या नाही, पुरुषांच्याही नाही.

वहिनी : मग पोट का सुटतं?

भावोजी : तोच प्रश्न खरा आहे, आणि ‘चयापचय मंदावला’ हे उत्तर हाताशी असल्यामुळे तो विचारलाच जात नाही. काम तेच म्हणता, पण तेच नसतं. पाटा-वरवंटा गेला, मिक्सर आला. धुणं यंत्रात गेलं. जिना गेला, लिफ्ट आली. झोप कमी झाली. स्नायू वापराअभावी थोडे थोडे विरघळत गेले आणि त्यांच्या जागी चरबी आली, तेव्हा काट्यावर वजन फारसं न हलताही पोट सुटू शकतं. आणि एखादीचा चयापचय खरोखरच मंदावला असेल, थायरॉइडची ग्रंथी कमी काम करत असेल, तर त्याला रक्ताची तपासणी आणि रोजची गोळी लागते. अशी बाई सहा महिने लिंबू-मधाचं पाणी पीत बसली तर नुकसान होतंच. तुमच्या यादीने कुणाचं वाईट होणार नाही म्हणालात ना?

इथे मध्येच एक गोष्ट नोंदवायला हवी. महाराष्ट्रात आहाराचा वाद रंगला तो दोन टोकांचा. डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारांवर आधारलेली पद्धत डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी गावोगावी नेली. दिवसातून दोनदाच जेवा, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांच्या आत संपवा. ऋजुता दिवेकरांचा सल्ला नेमका उलटा, दर दोन-तीन तासांनी थोडं थोडं खा. २०१८च्या सुमारास घरोघरी यावरून तट पडले होते. दीक्षितांचा भर इन्सुलिनवर आहे, चयापचयाच्या वेगावर नाही, आणि ती चर्चा वेगळी. पण वरचेवर खाल्ल्याने ‘भट्टी पेटती राहते’ या लोकप्रिय समजुतीपुरतं बोलायचं तर साधं गणित पुरतं. अन्न पचवायला त्याच अन्नातला साधारण दहावा भाग खर्च होतो. १,८०० उष्मांक दोन ताटांत वाढले काय किंवा सहा वाट्यांत, दहावा भाग १८०च राहतो. तपासलं तेव्हाही चोवीस तासांच्या खर्चात फरक आढळला नाही. कुणाला कुठली पद्धत पाळायला जमते, कुठल्या पद्धतीत एकूण खाणं आटोक्यात राहतं, यावर निकाल लागतो, भट्टीवर नाही. न्याहारीचंही तसंच आहे. इंग्लंडमधल्या बाथ इथे सडसडीत प्रौढांचे दोन गट सहा आठवडे पाहिले, एक सकाळी खाणारा, दुसरा दुपारपर्यंत उपाशी. विश्रांतीच्या वेळच्या चयापचयात फरक पडला नाही. खाणाऱ्यांची हालचाल मात्र सकाळभर जास्त होती. न्याहारीने भट्टी पेटली नाही. तिने माणसाला खुर्चीतून उठवलं.

वहिनी : थांबा, आता मी बोलते. मीही वाचून आलेय. अमेरिकेत मेयो क्लिनिकच्या जेम्स लेव्हाइन यांनी १९९९ साली १६ जणांना आठ आठवडे रोज हजार उष्मांक जास्तीचे खाऊ घातले. सगळ्यांना सारखेच. चरबी किती वाढली? एकाची जेमतेम ३६० ग्रॅम, दुसऱ्याची सव्वाचार किलो. हा एवढा फरक कशाने पडला, तर व्यायामाने नव्हे, बिनव्यायामाच्या हालचालीने. उठणं, बसणं, येरझाऱ्या, चुळबुळ. ज्यांची ती आपोआप वाढली ते सडसडीत राहिले. २००५ मध्ये त्यांनीच दाखवलं की जाड माणसं सडपातळ माणसांपेक्षा दिवसाला दोन तासांहून जास्त वेळ बसतात, आणि तेवढा वेळ उभं राहून वावरलं तर साडेतीनशे उष्मांक जास्त खर्च होतील. आता साडेतीनशे म्हणजे तीन-चार पोळ्या! तुम्ही साडेसात उष्मांकांवरून मला हसलात. मग याला तुम्ही वाढणं म्हणणार नाही?

भावोजी : म्हणतो. हे तुमच्या यादीतलं सगळ्यात भक्कम कलम आहे, म्हणून त्यावर माझी पेन्सिल फिरली नाही. साठ किलोची बाई बसून असेल तर तासाला सत्तरेक उष्मांक जातात, सावकाश चालत असेल तर दीडशेच्या पुढे. हा फरक खरा आहे. पण दोन गोष्टी. त्या सोळांतल्या सडसडीत राहणाऱ्यांनी ठरवून हालचाल केली नव्हती, त्यांचं शरीर ती आपसूक करत होतं. ठरवून केलेल्या हालचालीला शरीर थोडा वटाव लावतं. टांझानियातले काही हाद्झा अजून शिकारीवर आणि कंदमुळांवर जगतात. त्यांच्यातले पुरुष दिवसाला सुमारे ११ किलोमीटर चालतात, बायका सहाच्या आसपास. २०१२ साली त्यांचा खर्च मोजला, तेव्हा शरीराच्या आकारमानानुसार तो अमेरिकेतल्या खुर्चीवर बसणाऱ्यांइतकाच निघाला. शरीर हालचालीवर खर्च झालेलं दुसरीकडे वाचवतं, असा त्याचा अर्थ लावला गेला.

वहिनी : म्हणजे चालू नका? व्याख्यानाला असं सांगू?

भावोजी : नाही. कारण तो सिद्धांत टोकाला नेला तर चुकतो. २०२१ मध्येच १,७५४ प्रौढांच्या मोजमापांवरून असं दिसलं की हालचालीवर १०० उष्मांक जास्त खर्च केले तर शरीर सरासरी २८ इतरत्र वाचवतं. ७२ खरोखर जातात. ही सरासरी आहे, माणसागणिक कमी-जास्त. तेव्हा इथे तुम्ही जिंकलात, फक्त २८ टक्के कापून.

वहिनींनी इथे मिळवलेला मुद्दा मी कमी लेखत नाही. ‘चयापचय हलत नाही’ असं म्हणणारेही हल्ली पुष्कळ झाले आहेत आणि त्यांच्या बोलण्यात सगळं ठाऊक असल्याचा एक थकलेला सूर असतो. प्रत्येक सवयीमागचा फुगा फोडला की काम झालं, असं त्यांना वाटतं. ऐकणारा त्यातून एवढंच नेतो की काहीच करण्यात अर्थ नाही. दिराचं म्हणणं तिथे थांबलं असतं तर हा लेख लिहिण्याचं कारण नव्हतं. पण त्याआधी ‘जाळणं’ खरोखर वाढवता येतं का, या प्रश्नाला इतिहासाने एकदा दिलेलं उत्तर ऐकण्यासारखं आहे. हो, येतं. १९३३ साली अमेरिकेत स्टॅनफर्डच्या डॉक्टरांनी डायनायट्रोफेनॉल नावाचं रसायन वजन उतरवण्यासाठी वापरलं. ते पेशीतल्या ऊर्जानिर्मितीला भोक पाडतं; अन्न जळतं, पण त्यातून उपयोगी ऊर्जेऐवजी नुसती उष्णता निघते. वजन झपाट्याने उतरायचं. औषध खुल्या बाजारात गेलं, हजारोंनी घेतलं. काहींना मोतीबिंदू झाले. काही ताप चढत जाऊन मेले, अक्षरशः आतून शिजून. १९३८च्या कायद्यानंतर तिथे ते बंद झालं. शरीर आपला वेग इतका सांभाळून का ठेवतं, हे त्या पाच वर्षांत दिसलं. आणि उलट बाजूही आहे. ‘द बिगेस्ट लूझर’ या अमेरिकन वजनस्पर्धेतल्या १४ जणांना सहा वर्षांनी तपासलं, तेव्हा त्यांचं शरीर त्यांच्या आकाराला साजेल त्यापेक्षा रोज सुमारे ५०० उष्मांक कमी खर्चत होतं. म्हणजे सवयींनी वेग वाढतो की नाही याबद्दल वाद घालता येईल. घाईघाईच्या उपासमारीने तो खाली येतो, हे मात्र दिसलेलं आहे.

वहिनी : ठीक आहे, जाळण्याचा मुद्दा सोडला. पण मग तुम्ही प्रथिनं, शतपावली, वजनं आणि झोप का ठेवलीत? तुमच्याच हिशोबाने त्यांनीही वेग वाढत नाही.

भावोजी : नाहीच वाढत. किलोभर स्नायू विश्रांतीत दिवसाला जेमतेम १३ उष्मांक खर्चतो, किलोभर चरबी साडेचार. वर्षभर घाम गाळून दोन किलो स्नायू कमावले तरी २६ उष्मांक. पाव पोळीच्या आसपास. ‘स्नायू झोपेतही चरबी जाळतात’ हे वाक्य या आकड्यापुढे केविलवाणं होतं. तरीही तुमच्या यादीत माझ्या दृष्टीने पहिलं कलम वजनं उचलणं हेच आहे. त्याचं कारण शोधायला अमेरिकेला जायला नको, पुण्यातच आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन यूडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये आपल्या दोघांचा फोटो छापला. उंची-वजनाचं गुणोत्तर दोघांचं तंतोतंत सारखं, २२.३. काट्याच्या दृष्टीने दोघेही झकास. पण यूडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२ टक्के. सोबत त्यांनी गमतीने लिहिलं होतं की यूडकिन मॅरेथॉन धावतात आणि याज्ञिक सकाळी रुग्णालयाच्या लिफ्टचं दार बंद होण्याआधी पोहोचण्यापुरतं धावतात.

वहिनी : म्हणजे बारीक दिसणारा माणूस आतून जाड.

भावोजी : आणि हे जन्मापासूनचं. पुण्याजवळच्या गावांतली बाळं सरासरी २.७ किलोंची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची साडेतीन किलोंची. आपली बाळं लहान, पण चरबी त्या मानाने कमी झालेली नाही; कमी पडले ते स्नायू आणि पोटातले अवयव. आता जेवल्यावर काय होतं बघा. भात, भाकरी, पोळी यांची साखर रक्तात येते. तिला उतरून घेणारं सर्वांत मोठं कोठार म्हणजे स्नायू. कोठारच लहान असेल, त्यातही दिवसभर बसून राहिल्याने भरलेलंच असेल, तर साखर रक्तात रेंगाळते, इन्सुलिनला जास्त राबावं लागतं आणि उरलेलं यकृतात, पोटात चरबी होऊन बसतं. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात १० कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे आणि १३ कोटींहून जास्त लोक त्याच्या उंबरठ्यावर. त्यांच्यातले कितीतरी काट्यावर जाड नसतात. यांच्यापुढे प्रश्न जाळण्याच्या वेगाचा नाही, खाल्लेलं कुठे जाऊन बसतं याचा आहे. अपचयाचा नाही, चयाचा.

वहिनी : भावोजी, चरबी साठणं हाही चयच की! वाढवायचा म्हणता तो हाच का?

भावोजी : बरोबर पकडलंत. म्हणून चय नुसता वाढवून भागत नाही, त्याला जागा दाखवावी लागते. तीच साखर मांडीच्या स्नायूत गेली तर उद्याच्या जिन्याला उपयोगी, यकृतात चरबी होऊन बसली तर आजाराची सुरुवात. आणि स्नायूची खुबी अशी की तो आकुंचन पावत असताना इन्सुलिनची फारशी वाट न पाहता साखर आत ओढतो. म्हणून शतपावली. न्यूझीलंडमध्ये मधुमेहाच्या ४१ रुग्णांना एका टप्प्यात दिवसातून एकदा अर्धा तास कधीही चाला म्हणून सांगितलं, दुसऱ्या टप्प्यात प्रत्येक जेवणानंतर दहा-दहा मिनिटं. एकूण चालणं तेवढंच. जेवणानंतर चालले तेव्हा जेवणानंतरची साखर १२ टक्के कमी भरली, रात्रीच्या जेवणानंतर तर २२ टक्के. खर्च झालेले उष्मांक दोन्हीकडे सारखे. जाळण्याच्या हिशोबाने दोन्ही चालणी एकच. साठवण्याच्या हिशोबाने नाहीत. आपल्या आजीने चालण्याची वेळ बरोबर सांगितली होती, संख्या तेवढी कमी सांगितली. शंभर पावलं मिनिटभरात संपतात. दहा मिनिटांची हजार होतात.

वहिनी : सहस्रपावली म्हणा मग. पण जे जन्मतःच मिळालं, त्याला पन्नाशीतल्या बायका काय करणार?

भावोजी : पन्नाशी ही अडचण नाही. १९९० साली बोस्टनच्या एका वृद्धाश्रमातल्या नव्वदीच्या दहा जणांना आठ आठवडे पायाने वजनं उचलायला लावलं. नऊ जणांनी पूर्ण केलं. पायांची ताकद सरासरी पावणेदोनशे टक्क्यांनी वाढली. नव्वदीत! खुर्चीतून हात न टेकता उठणं-बसणं, पाण्याच्या बाटल्या, धान्याची पिशवी, एवढ्याने सुरुवात होते. प्रथिनांनी अन्न पचवण्याचा खर्च किंचित वाढतो, तो सोडून द्या. पण स्नायू रचायला वीट लागते ती हीच. आपल्या ताटात ती कमी असते. मटकीची उसळ दोन चमच्यांऐवजी वाटीभर, ताक, अंडं, पिठलं. आणि झोपेचा प्रयोग तर मला या सगळ्यांत बोलका वाटतो. दहा जाड माणसांना चौदा दिवस मोजकं खाणं दिलं, एकदा साडेआठ तास झोपायला देऊन आणि एकदा साडेपाच तास. वजन दोन्ही वेळा साधारण तेवढंच उतरलं, तीन किलो. पण कमी झोपेत उतरलेल्या वजनात चरबीचा वाटा पुऱ्या झोपेतल्याच्या निम्म्याहून खाली आला आणि स्नायूंचा वाढला. काटा दोन्ही वेळा एकच आकडा दाखवत होता.

वहिनी : सगळं पटलं. तरी माझा मूळ प्रश्न तसाच आहे. समजा मी बायकांना सांगितलं, चाला, चयापचय वाढतो. त्या चालल्या. साखर उतरली, स्नायू राहिले. कारण चुकीचं सांगितलं म्हणून बिघडलं काय? लहान मुलाला आपण सांगतोच ना, बी गिळलीस तर पोटात झाड उगवेल. अचूक कारणाने आजवर कुणी चालायला लागलंय का?

भावोजी : मुलाने बी गिळली आणि झाड उगवलं नाही की पुढच्या वेळी तो आपलं काहीच ऐकत नाही. तुमच्या बायका जाळण्यासाठी चालल्या तर पंधरा दिवसांनी काट्यावर चढतील. काटा हलला नसेल, कारण ७२ टक्क्यांच्या हिशोबाने अर्ध्या तासाच्या चालण्याने पंधरा दिवसांत फारसं काही हलत नाही. त्या म्हणतील, माझा चयापचयच मंद आहे, मला नाही लागू पडत, आणि चालणं सुटेल. त्यातली एखादी पुढच्या पायरीवर जाईल, तेराशे रुपयांचं ‘मेटाबॉलिझम बूस्टर’ मागवेल. कारण सांगणं म्हणजे काय मोजायचं ते सांगणं असतं, वहिनी. चयासाठी चालणारी बाई काट्यावर चढणार नाही. ती कमरेला फीत लावेल, ८० सेंटिमीटरच्या वर आहे का बघेल. तीन महिन्यांनी सरासरी साखरेची तपासणी करेल. दुसरा मजला चढून आल्यावर बोलता येतं का ते पाहील. ही मापं हलतात, आणि हललेली दिसली की सवय राहते.

वहिनी : ती घरात उभ्याने राबतेच की दिवसभर. बसलेले कोण असतात जेवणानंतर? तुम्ही आणि तुमचे भाऊ. त्या दोन तासांच्या बसण्याच्या अभ्यासाची व्याख्यानं खरी पुरुष मंडळात ठेवायला हवीत.

भावोजी : ते मान्य. ओट्याशी उभं राहणं हालचालीत धरावं लागतं, आणि ताटं उचलणं जेवणानंतरच्या चालण्यात. फक्त त्यात स्नायूंना वजन उचलण्याचा ताण पडत नाही आणि झोप वाढत नाही, म्हणून बायकांच्या यादीत वजनं आणि झोप वर घ्या. पुरुषांच्या यादीत ताट.

वहिनी : म्हणजे दहातले पाच राहिले. आता नाव सांगा. ‘जेवल्यावर दहा मिनिटं चाला’ म्हटलं तर त्या व्याख्यानाला कोण येणार? ‘चयापचय वाढवा’ म्हटलं की खुर्च्या भरतात. तुमचं खरं रिकाम्या सभागृहाला सांगायचं का?

भावोजी : ‘चय वाढवा’ एवढंच छापलं तर?

वहिनी : छापायची चूक वाटेल सगळ्यांना. निम्मा शब्द गळलाय म्हणून मला फोन करत बसतील.

भावोजी : करू देत. प्रत्येक फोनवर दोन मिनिटं तुम्ही समजावून सांगाल.

वहिनी : आणि छापखानेवाला? तो शहाणा आहे, आपणच पुढे ‘अपचय’ जोडून देईल.

भावोजी : म्हणून प्रूफ माझ्याकडे पाठवा.